बडोद्यात घरी येऊन जुनी खुर्ची भरून देणारे कारागीर, माझा अनुभव

ज्यांच्याकडे आजोबांच्या वेळची सागवानी स्प्रिंगवाली खुर्ची आहे आणि ठेवायची की भंगारात द्यायची असा घोळ चाललाय त्यांच्यासाठी लिहितेय. आमचं घर अकोट्याला, तळमजल्यावर, त्यामुळे २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा खुर्ची पार गादीपर्यंत पाण्यात होती. नदीची धोक्याची पातळी २६ फूट आणि पाणी गेलं होतं ३५ च्याही वर, बडोदेकरांना काय वेगळं सांगायचं. सागवानाला काही झालं नाही, सावलीतच वाळवली, पण गादीला वास राहिला आणि खालच्या नवारीच्या पट्ट्या सडून लोंबायला लागल्या.

आधी एका दुकानात विचारलं तर खुर्ची न उघडताच म्हणे आतलं सगळं फेका, चार इंची फोम टाकून देतो. मला ते पटलंच नाही. मग रावपुऱ्यातल्या ओळखीतून हे काका मिळाले, घरी येऊनच काम करतात. त्यांनी आल्या आल्या खुर्ची उलटी केली, गंजलेल्या चुका (बारीक खिळे) पक्कडीने एकेक काढल्या, आत हात घालून स्प्रिंगा दाबून बघितल्या आणि म्हणाले, "बेन, स्प्रिंग सारी छे, फेंकता नहीं," म्हणजे स्प्रिंग चांगली आहे, टाकू नका. भाव त्याच्यानंतर सांगितला. माझ्या मते कारागीर ओळखायची हीच खूण, उघडून बघितल्याशिवाय जो आकडा सांगत नाही तो.

आता कामाबद्दल. जुना काथ्या बाहेर काढला तर त्यात अजून पुराचा चिखल, पण नारळाचाच तो, पाण्याने कुजत नाही सहसा. धुतला, गच्चीवर पसरला, खडखडीत वाळल्यावर हाताने पिंजून परत भरला. फोम असता तर आतला गाळ निघालाच नसता, टाकूनच द्यावा लागला असता. नवीन नवार चटईसारखी आडवी-उभी विणून ताणून ठोकली, त्यावर स्प्रिंगा शिवल्या, आणि मग जे केलं ते बघायला मी हातातलं काम टाकून बसले. प्रत्येक स्प्रिंग थोडी दाबून धरायची आणि सुतळीने पुढे-मागे, डावी-उजवी आणि चारी कोनांकडे बांधायची, म्हणजे एकीवर आठ बाजूंनी ताण. असं बांधलं की माणूस बसल्यावर स्प्रिंग सरळ खाली जाते, तिरकी होत नाही, कुरकुरत नाही. वर तरट, मग काथ्या, त्यावर कापसाचा पातळ थर, मांजरपाट आणि शेवटी कापड. हे सगळं डोळ्यासमोर होतं म्हणून घरी करून घेण्यात अर्थ आहे, दुकानात खुर्ची दिली की आत काय भरलं ते कुणाला कळणार.

कापड मी मंगळबाजारातून आणलं, जाड कॉटन, ५४ इंची पन्हा, सीट, पाठ आणि हातांना मिळून दोन मीटर पुरलं. वेल्व्हेट घेऊ नका, आपल्याकडची धूळ आणि उन्हाळा बघता तर नकोच. पायपिंगची पट्टी काकांनी तिरपी कापली, त्यामुळे कोपऱ्यावर एक चुणी नाही, एकदम साफ वळलीये.

न आवडलेलं पण सांगते. सांगितलेल्या वेळेला कधीच आले नाहीत. हाताच्या पॅडला जे सोल्युशन लावलं त्याचा वास फार उग्र, घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर ते काम गॅलरीत करायला लावा. आणि खाली पिना सांडल्या होत्या, सासूबाई घरात अनवाणी फिरतात म्हणून मला लोहचुंबक फिरवून सगळी फरशी तपासावी लागली, हे त्यांनी स्वतः करायला पाहिजे होतं.

मजुरी २२०० घेतली, सामान वेगळं. नुसता फोम टाकण्यापेक्षा महाग पडलं, पण फोम काही वर्षांत बसतो, आणि ही बांधणी सैल झाली तर परत बांधता येते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना आता खुर्चीतून उठताना कुणाचा हात लागत नाही कारण सीट खाली धसत नाही, मला यातच पैसे वसूल वाटले. पाचपैकी साडेचार देईन. तुम्हाला करून घ्यायचं असेल तर गणपती झाले की लगेच सांगून ठेवा, नवरात्रानंतर दिवाळीची कामं सुरू होतात आणि मग फोनसुद्धा उचलत नाहीत.