कापडी ग्रो बॅग: मुळांसाठी मस्त, शिलाईला मार्क कमी

ऑनलाइन मागवलेल्या काळ्या जिओ फॅब्रिकच्या (हवा-पाणी आरपार जाणारं जाड कापड) ग्रो बॅगा, 12 बाय 12 इंचवाल्या. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही गच्चीवर काढून झाल्यावर लिहितोय, पार्सल फोडल्या फोडल्या पाच स्टार देणाऱ्यांतला मी नाही.

घेतल्या कढीपत्त्यासाठी. प्लास्टिकच्या कुंडीत दर पावसाळ्यात पिवळा पडून मान टाकायचा, माती गच्च ओली आणि वर पानं मलूल, बघणारा म्हणतो पाणी कमी पडतंय, अजून घाल! अरे मुळं गुदमरलीत ती. श्वास काय फक्त पानंच घेतात असं नाही, मुळांनापण ऑक्सिजन लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळतो. पानांनी केलेली साखर खाली येते, मुळं ती ऑक्सिजन वापरून जाळतात आणि त्या एनर्जीवर नायट्रेट, पोटॅश आत ओढतात, नवी मुळं फुटतात. पाणी साचलं की पोकळ्या भरल्या, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने साधारण 10,000 पट हळू सरकतो. मग एका ग्लुकोजमागे 30-32 एटीपी (पेशीची एनर्जीची सुटी नाणी म्हणा) मिळायचे तिथे जेमतेम 2. एवढ्यात जीव तगवायचेच वांधे, वाढ कुठून होणार, वरून खत कितीही ओता. शेतात वाफसा बघतात तो याचसाठी, ओल पण हवी आणि हवा पण.

तर बॅगेचा फायदा इथेच आहे. चारी बाजूंनी हवा जाते, जास्तीचं पाणी झिरपून जातं. रिपॉट करताना एक बॅग सोलून बघितली, प्लास्टिकच्या कुंडीत मुळं भिंतीला धरून गोल गोल फिरलेली असतात तसं अजिबात नव्हतं, कापडापाशी येऊन टोक सुकलेलं आणि मागून पांढऱ्या बारीक मुळ्यांचा झुपका. यंदा भर पावसात कढीपत्त्याला नवी फूट आहे. पण नुसती लाल माती भरलीत तर कापड काही करणार नाही, ती दाबून बसतेच, कोकोपीट, गांडूळखत आणि थोडं परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) मिसळाच.

आता तक्रारी. एप्रिल-मेमध्ये दोन वेळा पाणी घालावं लागतं, गावाला गेलात तर विषय संपला. कडेला क्षारांचा पांढरा थर येतो, दिसायला घाण. गच्चीवर ओले डाग पडतात, खाली विटा ठेवा. आणि काळा रंग का देतात कळत नाही, उन्हात तो जास्त तापतो, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं, म्हणजे दिवसभर कमावलेली साखर झाड उकाड्यात जाळूनच टाकतं, मेमध्ये शेडनेट लावायला लागलं. एका बॅगेचं हॅंडल भरलेली उचलताना शिलाईतून सुटलं, विक्रेत्याकडून अजून उत्तर नाही.

त्या हिरव्या स्वस्त बॅगांवरपण हल्ली "ब्रीदेबल" लिहितात, फसू नका, आतून लॅमिनेशन असतं, हवा जाते ती खालच्या भोकांतून तेवढीच.

लिंबू, कढीपत्ता, मोगरा असं वर्षानुवर्षं ठेवायचं झाड असेल तर घ्या, चार स्टार. मेथी-कोथिंबिरीसाठी पैसे घालवू नका, खाली भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या खोक्यात झकास येते.