मॅटप्लॉटलिब: विहिरींची पायपर आकृती काढताना

मी भूजलाचं काम करते. माण तालुक्यातल्या गावांत मे महिन्यात आणि पुन्हा पाऊस संपल्यावर नोव्हेंबरात विहिरींचे नमुने घ्यायचे, तपासणीला द्यायचे आणि आलेले आकडे गावाला कळतील अशा रूपात परत गावात न्यायचे, असं माझं वर्ष जातं. हे आकडे मांडायला मी पायपर आकृती काढते, आणि ती काढायला गेली सहा वर्षं पायथन या प्रोग्रामिंग भाषेची मॅटप्लॉटलिब ही आलेख-आकृत्या काढायची लायब्ररी वापरते आहे. बार चार्ट आणि पाय चार्टच्या पलीकडचं काही काढायचं असेल तर हीच शिका, असं मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मराठी अक्षरांच्या बाबतीत मात्र ती फार त्रास देते, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

पायपर आकृती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्थर पायपर या अमेरिकी भूजलतज्ज्ञानं ती १९४४ साली प्रसिद्ध केली. खाली दोन समभुज त्रिकोण. डाव्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम-पोटॅशियम यांचं प्रमाण, उजव्यात बायकार्बोनेट, सल्फेट आणि क्लोराईड यांचं. दोघांच्या मधे वरच्या बाजूला एक समभुज चौकोन. विहिरीचा एक बिंदू डाव्या त्रिकोणात पडतो, एक उजव्यात. दोन्हींपासून ६० अंशांत रेषा वर नेल्या की चौकोनात जिथे मिळतात, ती त्या पाण्याची जात. नुकतंच मुरलेलं पावसाचं पाणी आपल्या बेसाल्टच्या खडकात डाव्या कोपऱ्याकडे जातं, सोडियम-क्लोराईडचं खारट पाणी उजव्या कोपऱ्याकडे. सहा-सात आकड्यांचा गोषवारा एका ठिपक्यात येतो.

एक्सेलच्या तयार चार्टांत ही आकृती नाही. मॅटप्लॉटलिबमध्येही ‘पायपर’ नावाची आज्ञा नाही, पण तिथे अडत नाही. कोरा कागद, रेषा, बिंदू आणि अक्षरं एवढं हातात मिळतं आणि बाकीचं आपण बांधायचं. डाव्या त्रिकोणात मॅग्नेशियमच्या टक्केवारीला ०.८६६ ने गुणलं की बिंदूची उंची. सोडियम-पोटॅशियमच्या टक्केवारीत मॅग्नेशियमची निम्मी मिळवली की आडवं अंतर. शाळेतली भूमिती आहे ही. त्याआधी प्रयोगशाळेचे मिलिग्रॅममधले आकडे समतुल्य भारानं (आयनाचं वजन भागिले त्याच्यावरचा विद्युतभार) भागायचे, कॅल्शियमला २०.०४, बायकार्बोनेटला ६१.०२, असे, आणि मग टक्के काढायचे. माझा पूर्ण प्रोग्राम साधारण १२० ओळींचा आहे.

पहिल्या दिवशी माझे त्रिकोण चपटे आले. मॅटप्लॉटलिब आकृती आपोआप चौकट भरून पसरवते, त्यामुळे आडवं एक एकक आणि उभं एक एकक सारखं राहत नाही. ॲस्पेक्ट, म्हणजे आडव्या-उभ्या मापांचं प्रमाण, ‘इक्वल’ केला आणि त्रिकोण समभुज झाले. हे केलं नाही तर बाजूंवर ६० अंशांत तिरकी लिहिलेली नावं बाजूला समांतर बसत नाहीत. अक्ष पूर्ण बंद करायचे, जाळीच्या रेषा अर्ध्या पॉइंटच्या (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) आणि फिक्या करड्या, त्रिकोणाची कड दीड पॉइंटची, आणि झेडऑर्डर (कशावर काय दिसावं याचा क्रम) देऊन बिंदू जाळीच्या वर आणायचे. एवढं जमलं की आकृती छापील पुस्तकातल्यासारखी दिसते.

आकाराचा घोळ मात्र प्रत्येक नवशिक्याचा होतो. फिगसाइज, म्हणजे आकृतीचं माप, इंचांत असतो, अक्षरं पॉइंटांत. मूळचा आकार ६.४ बाय ४.८ इंच. पडद्यावर छान दिसलेली आकृती ए-३ साठी ११.६९ बाय १६.५४ केली की अक्षरं तेवढीच राहतात आणि भिंतीवर लावल्यावर कुणालाच वाचता येत नाहीत. मी आता सुरुवातच कागदाच्या मापानं करते. दुसरी अडचण म्हणजे एकच गोष्ट करायच्या दोन पद्धती, लायब्ररीच्या पायप्लॉट या भागाच्या थेट आज्ञा किंवा अ‍ॅक्सेस (आकृतीची एक चौकट) हातात घेऊन काम. इंटरनेटवरची उदाहरणं दोन्ही मिसळतात आणि शिकणारा गोंधळतो. पहिल्या दिवसापासून दुसरीच पद्धत धरा.

रंगांबद्दल मी या लायब्ररीची मनापासून ऋणी आहे. बिंदूला पाण्याच्या विद्युतवाहकतेनुसार, म्हणजे त्यात क्षार किती विरघळलेत त्यानुसार, रंग देते मी. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून मूळचा रंगपट ‘व्हिरिडिस’ आहे, जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत एकसारखा उजळत जाणारा. आधीचा ‘जेट’ काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये निरुपयोगी व्हायचा, निळा आणि लाल दोन्ही सारखेच काळे. ग्रामपंचायतीत झेरॉक्सच फिरते. व्हिरिडिसमध्ये गडद ते गडद आणि फिकं ते फिकंच राहतं.

ही आकृती चुका पकडायलाही कामाला येते. एका वर्षी एका प्रयोगशाळेच्या अहवालातले सगळेच बिंदू चौकोनात थोडे उजवीकडे सरकलेले दिसले. पाण्यातले धन आणि ऋण विद्युतभार सारखे असायला हवेत, पण त्यांचा ताळा पाच टक्क्यांच्या बाहेर जात होता. शोधल्यावर कळलं, ‘क्षारता’ (अल्कलिनिटी) या रकान्यातले आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं दिले होते आणि रकान्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. मी ते बायकार्बोनेट धरून चालले होते. ३०० चे खरं तर ३६६ व्हायला हवे होते. १.२२ ने गुणून प्रोग्राम पुन्हा चालवला, आकृती अर्ध्या मिनिटात नवी आली. हातानं काढली असती तर अठरा विहिरींचे दोन हंगाम, म्हणजे छत्तीस बिंदू पुन्हा, तेही प्रत्येकी तीन जागी.

ही लायब्ररी जॉन हंटर या मेंदूशास्त्रज्ञानं लिहायला घेतली, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पाहण्यासाठी. पहिली आवृत्ती २००३ ची. २०१२ मध्ये ते गेले. त्यांनी ती सगळ्यांना फुकट आणि खुली ठेवली, आणि आजही ती तशीच आहे. आमच्यासारख्या कामात परवान्याचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न कधी पडला नाही, तो यामुळे.

आता मराठी. गेल्या डिसेंबरात एका गावच्या मारुतीच्या देवळात आकृती भिंतीला लावली होती. मे महिन्याचे पोकळ गोल, नोव्हेंबरचे भरीव, आणि प्रत्येक विहिरीसाठी एका गोलापासून दुसऱ्याकडे बाण. ‘ॲनोटेट’ नावाच्या आज्ञेनं हे बाण फार सुरेख येतात. नाल्यावरच्या बांधाजवळच्या विहिरींचे बाण लांब, डाव्या कोपऱ्याकडे. वरच्या माळावरच्या विहिरी जागच्या हललेल्या नाहीत. एक आबा उठून जवळ आले, एका बाणावरून बोट फिरवत म्हणाले, “ताई, सातनंबर म्हंजी कुणाची हीर?” मी सांगितलं, वडाखालची. “मग तसं लिवा की. नंबर कशाला?”

नाव लिहायला गेले आणि अडले. लायब्ररीच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरीच नाही, नुसते चौकोन येतात. मुक्ता फॉन्ट दिला तर अक्षरं आली, पण मोडलेली. माझ्याकडची आवृत्ती अक्षरं एकामागून एक ठेवत जाते, जोडत नाही. ‘विहीर’ची पहिली वेलांटी ‘व’च्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन ‘ह’ला चिकटते. ‘कॅल्शियम’मध्ये ‘ल’चा पाय मोडलेला उघडा दिसतो आणि वेलांटी ‘य’च्या डोक्यावर. असं मराठी मी गावात लावणार नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात एवढी मोठी भाषा नीट उमटू नये याचं मला वाईट वाटतं.

वाट सापडली ती अशी. एसव्हीजी या रेखाचित्रांच्या फाइल-स्वरूपात जतन करताना फॉन्टटाइप ‘नन’ ठेवायचा. मग अक्षरं आकृती म्हणून न गोठता मजकूर म्हणूनच फाइलमध्ये जातात, आणि ती फाइल इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये उघडली की जोडाक्षरं आणि वेलांट्या आपापल्या जागी बसतात. तिथूनच पीडीएफ करा. छपाईच्या दुकानातल्या संगणकावर मुक्ता नसेल तर एसव्हीजी पुन्हा बिघडते, म्हणून पीडीएफच न्यायची.

फेब्रुवारीत नवी प्रिंट लावली. वडाची विहीर, पाटलाची विहीर, शाळेमागची, अठराही नावांनी. आबांनी सात नंबर शोधला नाही, सरळ नाव वाचलं.