बिनजाहिरातीची सिनेमा वाहिनी : मृगापासून शेवटच्या वेचणीपर्यंत

मृगात डिशच्या छत्रीवर बिनजाहिरातीची मराठी सिनेमा वाहिनी सुरू करून घेतली, आता कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. दिवसाला दोनेक रुपये रिचार्जमधून कटतात. (पहिले काही दिवस फुकट असतात, मग न विचारता कटायला लागतात. लक्ष ठेवा.)

पहिली तक्रार आईची. "काहून रे, ब्रेक नाई का याच्यात? भाजी लागली न बुडाले!" ट्राय या सरकारी नियामकाच्या नियमात जाहिरातींना तासाला १२ मिनिटं मुभा आहे; आमचा रात्रीचा स्वयंपाक त्याच १२ मिनिटांवर चालायचा. आता ती गॅस बंद करूनच टीव्हीपुढे बसते.

मला खटकलं ते वेगळंच. एकच सिनेमा आठवड्यात तीन-चारदा. वाटलं, पैसे पाण्यात गेले. मग हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं, लाइट रात्रपाळीची. रात्री नऊला अर्धवट सोडलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना पुन्हा लागलेला! तेव्हा हिशेब कळला. जाहिरातवाल्या वाहिनीला ठरावीक वेळी गर्दी हवी असते. हिला रोजची वर्गणी मिळते, तुम्ही कधीही बघा.

रीत जुनीच आहे. अमेरिकेत एचबीओ हे वर्गणीवरचं चॅनल ८ नोव्हेंबर १९७२ ला पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरे या डोंगराळ भागातल्या गावी केबलवर सुरू झालं, तेव्हा वर्गणीदार घरं होती ३६५. आमच्या गावात त्याहून जास्त उंबरठे आहेत. त्या रात्री आधी हॉकीचा सामना, मग सिनेमा. १९७५ मध्ये मनिलातली अली-फ्रेझर ही मुष्टियुद्धाची लढत उपग्रहावरून दाखवली आणि मग ते देशभर पसरलं. सिनेमे तिथेही फिरून फिरून, वेगवेगळ्या वेळी लावत. आपल्याकडच्या एचबीओवर मात्र जाहिराती असायच्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये ती वाहिनी बंदच झाली.

आता वाईट बाजू. श्रावणात ढग भरून आले की चित्राचे चौकोन व्हायचे, मग पडदा काळा. उपग्रहाच्या या लहरी जोराचा पाऊस अडवतो, त्याला वाहिनी काय करणार? पण साठा तोकडा आहे, तो दोष तिचाच. जुन्या विनोदी सिनेमांच्या प्रिंट इतक्या धुवट की हिरोची मिशी शोधावी लागते. "नवीन" म्हणून लागतो तो सिनेमा आमच्याकडे मोबाइलवर कधीच फिरून झालेला असतो. कस्टमर केअरला सांगितलं. पोराने ऐकून घेतलं आणि मलाच आणखी एक पॅक विकायला निघाला.

हरभरा निघेपर्यंत ठेवतो. उन्हाळ्यात तसंही रात्री अंगणात खाटा पडतात, टीव्ही आतच राहतो.