आकडी चाकू, सरळ चाकू आणि ओलं लाकूड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी लाकडाचे चमचे आणि वाडगे कोरायला तीन प्रकारची हत्यारं घेतली: मोरा 120 हा सरळ चाकू, चमच्याची खोलगट बाजू कोरायला आकडी चाकू आणि साधारण 600 ग्रॅमची छोटी कुऱ्हाड. वाडग्यासाठी वाकस (आडव्या पात्याचं, लाकूड तासायचं हत्यार) चार महिन्यांनी आला. एवढ्या काळात साठेक चमचे झाले, पाच वाडगे झाले (त्यातले दोन तडकले) आणि सहा-सहा जणांच्या तीन गटांना शिकवलं. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर आकडी चाकूला नावं ठेवून मोकळी झाले असते. बरं झालं थांबले.

मोरा 120बद्दल माझी काहीच तक्रार नाही. पातं जेमतेम सहा सेंटिमीटरचं, टोकाकडे निमुळतं, थरांचं: मधे कडक पोलाद, दोन्ही अंगांना मऊ. धारेचा उतार रुंद आणि सपाट आहे, त्यामुळे तो दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो. ज्यानं आयुष्यात कधी धार लावलेली नाही, त्यालाही दहा मिनिटांत जमतं. याच घराण्यातला लांब पात्याचा 106 मैत्रिणीकडून आणून वापरून पाहिला. दांड्यावरच्या लांब कापांना तो सरस आहे, पण नवख्याचं लक्ष मुठीपाशी असतं आणि टोक कुठे चाललंय याचं भान सुटतं. शिकवायला 120च. एक पाळायचं: ओल्या लाकडाचा रस लागून पातं काळं पडतं आणि तसंच ठेवलं तर गंजतं. काम संपलं की पुसून तेलाचा हात फिरवायचा.

आकडी चाकू दुसऱ्या बनावटीचा. पहिल्या गटातले एक काका, हाताला जोर भरपूर, अर्धा तास एकाच खळग्याशी झटत होते. शेवटी म्हणाले, "ताई, मी चुकतोय का हा कापत नाहीये?" मी चाकू खिडकीपाशी नेऊन धार उजेडात धरली. वळणाच्या मधोमध नखाएवढी पांढरी रेघ चमकत होती. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही. चमकते ती बोथट जागा. खळग्यातही तेच लिहिलेलं होतं: तंतू कापलेले नव्हते, उपटलेले होते. चूक काकांची नव्हतीच, मी चाकू जसा आला तसा त्यांच्या हातात दिला होता, याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री बोटाएवढ्या गोल दांडीला वॉटर पेपर गुंडाळला आणि आतली बाजू 400 नंबरच्या जाड कागदापासून 2000 नंबरच्या बारीक कागदापर्यंत घासत नेली. बाहेरचा उतार सपाट फळीवर कागद ठेवून घासला, मग चामड्यावर परजला. दोन तास गेले. दुसऱ्या दिवशी काकांच्या हातून लांबलचक, कुरळा छिलका निघाला. तो त्यांनी खिशात घालून घरी नेला.

तेव्हापासून दर अर्ध्या तासानं सगळ्यांचे चाकू परजून घेते. दगडावर जायची वेळ मग क्वचितच येते.

पण धारेइतकंच काम लाकडाचा ओलावा करतो. ताज्या तोडलेल्या लाकडात चाकू सुखानं चालतो. तेच लाकूड महिनाभर कोपऱ्यात पडलं की मनगट दुखायला लागतं. म्हणून मी ओंडका अख्खा ठेवते, दोन्ही टोकांना मेण लावते आणि लागेल तेवढाच फोडते. अर्धवट चमचा त्याच्याच ढलप्यांसकट पिशवीत बांधून ठेवते. चिरफळी काढताना ओंडका करवतीनं न चिरता पाचरीनं फोडायचा, म्हणजे तंतू दांड्यात टोकापर्यंत अखंड राहतात आणि बारीक दांडासुद्धा टिकतो.

तडकलेल्या दोन वाडग्यांपैकी एकाचा दोष सर्वस्वी माझा. लाकूड रुंदीला थोडं कमी पडत होतं, म्हणून खोडाच्या मधोमध असतो तो गाभ्याचा ठिपका काठात राहू दिला. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेला की लाकूड आकसू लागतं, आणि खोडातल्या वर्तुळांच्या दिशेनं ते केंद्राकडच्या दिशेपेक्षा जवळजवळ दुप्पट आकसतं. गाभ्याभोवती हा ताण जिरायला जागाच नसते. तिसऱ्या रात्री टक् असा आवाज आला आणि सकाळी काठापासून तळापर्यंत चीर. सहा तासांचं काम होतं. आता गाभ्यालगतचं बोटभर लाकूड आधीच उडवते आणि वाडगा कागदी पिशवीत ढलप्यांत पुरून सावलीत ठेवते. रोज वजन करते; ते उतरायचं थांबलं की सुकला. सुकताना गोल वाडगा किंचित लांबट होतो आणि तो आकार मला मनापासून आवडतो.

शिकवताना कुऱ्हाड पहिल्या दिवशी कुणालाच देत नाही, ओबडधोबड आकार मीच तासून ठेवते. अठरा जणांत तिघांना कापलं, तिन्ही वेळा चाकू न धरलेल्या हाताचा अंगठा आणि तिन्ही वेळा शेवटच्या अर्ध्या तासात, बोटं थकल्यावर. त्यामुळे वर्ग तीन तासांवरून दोन तासांवर आणला आणि त्या हातात काप न लागणारा मोजा सक्तीचा केला. कोपरं गुडघ्यांवर, काम गुडघ्यांच्या पुढे, मांडीवर कधीच नाही.

पॉलिश पेपर चमच्याला लावत नाही. घासलेला चमचा पाण्यात गेला की लव उभी राहते. सुकल्यावर ताज्या परजलेल्या चाकूनं घेतलेला शेवटचा पातळ काप गुळगुळीत राहतो. वर जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

पुढच्या गटासाठी आणखी चार मोरा 120 मागवले आहेत. आकडी चाकू तेच जुने ठेवतेय. धार नीट बसल्यापासून ते मला बदलावेसे वाटले नाहीत. वाकसाचा दांडा ढिला झालाय, सुक्या लाकडाची पाचर ठोकून पाहते.