ग्रिप फुकट मिळाली म्हणून

पुण्यातल्या गोल्फच्या सरावाच्या रेंजवर त्या सकाळी माझ्या सात नंबरच्या आयर्नचं, म्हणजे धातूच्या डोक्याच्या काठीचं, हेड चेंडूच्याही पुढे गेलं. चेंडू वीस यार्ड, हेड चाळीस. शेजारच्या मॅटवरची पोरं हसत होती. मला मात्र दरदरून घाम फुटला, कारण पुढे डाव्या अंगाला एक जण चेंडू गोळा करत होता, हेड त्याच्यापासून चार हातांवर पडलं. माझ्या हातातल्या शाफ्टचं (काठीच्या दांड्याचं) टोक खराट्यासारखं पिंजारलं होतं. (त्याचे तंतू बोटात घुसतात आणि दोन दिवस निघत नाहीत, तेव्हा कुतूहलाने चाचपू नका.)

गोल्फ खेळून टेनिस एल्बो (कोपराचं दुखणं) झाला, ही आमच्या डॉक्टरांची आवडती कोटी. त्यावर उपाय म्हणून मी स्टीलचे शाफ्ट काढून ग्रॅफाइटचे (कार्बनच्या तंतूंचे) घालायचं ठरवलं. स्टीलचे ११० ग्रॅमच्या आसपास, ग्रॅफाइटचे ७०. घरी करण्यासारखं काम आहे. हीट गनने हेडची मान तापवायची, आतलं इपॉक्सी (चिकटवायचा गोंद) सैल झालं की शाफ्ट ओढायचा, मान आतून साफ करायची, नवा शाफ्ट इपॉक्सीने बसवून २४ तास हात लावायचा नाही. नवे सहा शाफ्ट परवडेनात, म्हणून ऑनलाइन जाहिरात बघून वापरलेले घेतले. नऊ हजार, आगाऊ, यूपीआयने.

विकणारा माणूस बोलायला लाघवी. "काका, कापायची कटकट पण नको, तुमच्या मापाने करून पाठवतो. मुठीची ग्रिप माझ्याकडून फुकट." फोटोत सगळे शाफ्ट ग्रिप चढवलेले, टोकं काळी कुळकुळीत. मी खूश. साडेचारशेची एक ग्रिप म्हटलं तरी सत्तावीसशे वाचले!

खरं तर तीनदा शंका यायला हवी होती.

पहिल्यांदा वजन करताना. मापाला कापलेला शाफ्ट ६५ ग्रॅम, ग्रिप ५०, म्हणजे ११५ च्या पुढे जायचं कारण नाही. स्वयंपाकघरातला काटा १२८ दाखवत होता. मी म्हटलं, ग्रिप जाड असेल.

दुसऱ्यांदा टोक घासताना. इपॉक्सी धरावं म्हणून शाफ्टच्या टोकाचा रंग पॉलिशपेपरने घासून काढावा लागतो. खाली कडक, एकसंध काळं ग्रॅफाइट दिसायला हवं. माझ्याकडे करडा, मऊ भुसा निघत होता. फोन केला तर म्हणाला, जुनं इपॉक्सी आहे ते, चालतं काका. चाललं!

तिसऱ्यांदा तोल साधताना. शाफ्ट ४० ग्रॅमने हलका झाला की स्विंगवेट (काठी फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप) साधारण चार अंकांनी उतरतं, डी २ वरून सी ८ वर (डी ० च्या खाली सी ९ येतो). हेडला दोन ग्रॅम शिसं लावलं की एक अंक चढतो, म्हणजे आठ ग्रॅमच्या पट्टीत काम व्हायला हवं. मी चौदा लावले. ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू देऊन बघायचो, हेड काही खाली यायला तयार नाही. आपलंच गणित चुकतंय म्हणून आठवडाभर शिसं चिकटवत बसलो. बायको म्हणाली, हात धुऊन मगच पोळीला हात लावा. तेवढं एक शहाणपण घरात होतं.

हेड उडाल्यावर ब्लेड घेऊन फुकटची ग्रिप उभी चिरली. आत जोड. शाफ्ट कुणा बुटक्या माणसासाठी आखूड कापलेला, त्यात वरून लोखंडी नळीचा तुकडा ठोकून लांबी वाढवलेली. तुकडा बारा ग्रॅमचा. मुठीकडे चार-पाच ग्रॅम वाढले की स्विंगवेट एक अंक उतरतं, म्हणजे माझं जास्तीचं सहा ग्रॅम शिसं या लपवलेल्या तुकड्याशी कुस्ती खेळत होतं. टोकाचं कारण वेगळं. स्टीलचा शाफ्ट पिळून काढला तरी चालतो, ग्रॅफाइटचा बेताने तापवून सरळच ओढावा लागतो. याने बहुधा गॅसच्या ज्योतीवर धरून पिळले होते. तंतू धरून ठेवणारं आतलं रेझिन जळालं की तंतू नुसते सुटे राहतात. वर काळा रंग मारला की फोटोत काय कळणार?

पुन्हा फोन केला. "काका, तुम्हीच हीट जास्त दिली असणार." आता, नवा शाफ्ट बसवताना त्याला उष्णता द्यावीच लागत नाही, मी तापवली ती जुनी हेडं, शाफ्ट काढण्यासाठी. हे सांगेपर्यंत फोन कट, मग नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

वापरलेला शाफ्ट घेणार असाल तर ग्रिपशिवाय मागवा. नाहीच म्हणाला तर साडेचारशेची ग्रिप वाया घालवा, पण पैसे अडकण्याआधी चिरून बघा. टोकाला नख लावा. नख रुतलं किंवा भुसा निघाला तर परत पाठवा. आणि सगळे शाफ्ट काट्यावर ओळीने ठेवा. आयर्नचा नंबर वाढेल तसा शाफ्ट आखूड, म्हणून एकाच जातीच्या शाफ्टमध्ये वजन सहसा क्रमाने थोडंथोडं उतरायला हवं. माझ्याकडे नऊ नंबरचा पाच नंबरपेक्षा जड होता, आणि ते मी वहीत लिहूनही ठेवलं होतं.

उरलेल्या पाचांपैकी दोन धड निघाले, पाच आणि आठ नंबरचे. ते बसवलेत. बाकी चारांत परत जुनं स्टील, आणि कोपर दुखतंच आहे.