पेठांमधला हेरिटेज वॉक : नक्की करा, पण भिडेवाड्यापाशी थांबायला सांगा

मागच्या रविवारी बाबांना आणि लातूरहून आलेल्या भाचीला घेऊन पेठांमधला एक हेरिटेज वॉक केला. माणशी साडेचारशे रुपये, सकाळी सातला लाल महालापाशी सुरू होतो आणि साडेदहाच्या सुमारास केसरीवाड्यापाशी संपतो. माझं सगळं आयुष्य पुण्यात गेलं, शनिवारवाड्याची सहल तर शाळेत दोनदा झाली, तरीपण पैसे वसूल झाले असं मी मनापासून सांगेन. एक गोष्ट मात्र मनाला लागली, ती पुढे लिहिते.

गाइड पंचविशीतला मुलगा होता, पाठ केलेलं बोलत नव्हता. लाल महालासमोर उभं करून त्याने आधी हेच सांगून टाकलं की ही इमारत महाराजांच्या काळातली नाहीये, अलीकडे बांधलेली आहे. मग शाहिस्तेखानाची बोटं, १६६३, ते सगळं आलंच, पण मला त्याच्या आधीचं जास्त आवडलं. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि वर गाढवाचा नांगर फिरवला. भाचीने विचारलं, गाढवाचाच का? तर म्हणे, ही जमीन शापित झाली, इथे परत कुणी वस्ती करू नये, याची खूण. आणि त्याच जमिनीवर जिजाऊंनी सोन्याचा नांगर फिरवून गाव पुन्हा वसवलं असं सांगतात. आपण रोज गाडी पार्क करायला जागा शोधतो ती हीच जमीन, हे डोक्यातून जातच नव्हतं माझ्या.

शनिवारवाड्यात त्याने सगळ्यांना दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांपाशी नेलं. लांबून ते नुसते काळे ठिपके वाटतात, जवळ गेलं की कळतं एकेक खिळा केवढा लांब आणि टोकदार आहे, आणि ते लावलेत किती उंचावर, तर हत्तीने धडक दिली तर बरोबर कपाळात घुसतील असे. भाची टाचा उंच करून हात पुरतोय का बघत होती. मग गाइड म्हणाला, एवढा बंदोबस्त बाहेरच्यासाठी आणि ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांना मारलं ते वाड्यातल्याच पगारी गारद्यांनी. अठरा वर्षांचा मुलगा हो! "ध चा मा", म्हणजे हुकमातल्या "धरावे"चं "मारावे" केलं, ही आख्यायिका आहे हे त्याने स्पष्ट सांगितलं, न्यायाधीश रामशास्त्र्यांनी नारायणरावांचे काका राघोबादादा यांना तोंडावर दोषी ठरवलं तेही सांगितलं, नारायण दरवाजा दाखवला, इथून त्यांचा देह बाहेर नेला म्हणून. बाबा त्या दरवाज्यापाशी बराच वेळ गप्प उभे होते.

आणि इथेच माझी तक्रार. ग्रुपमधल्या कुणीतरी "काका मला वाचवा" चा आवाज अमावस्येला येतो की पौर्णिमेला असं विचारलं, आणि मग वीस मिनिटं भुतांमध्ये गेली, हसणं, रील्स, सगळं. मला खरंच वाईट वाटलं. एका पोराचा जीव गेला, आणि त्यातून राघोबादादांविरुद्ध कारभाऱ्यांनी केलेलं बारभाईचं कारस्थान, राघोबादादांचं इंग्रजांकडे जाणं, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध एवढं सगळं झालं, ते सांगायला वीस मिनिटं वापरायची ना!

त्याने लपवालपवी मात्र केली नाही, त्याचं पूर्ण श्रेय त्याला. १७ नोव्हेंबर १८१७ ला या वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं ते चढवणारे बाळाजीपंत नातू आपल्यातलेच होते हे तो सरळ बोलला. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांना गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधून फिरावं लागे, हे बाबासाहेबांनी लिहिलंय, तेही त्याने दरवाज्यासमोर उभं राहूनच सांगितलं. एक काका कुरकुरले, पण तो शांतपणे बोलत राहिला. असा गाइड मला तरी आधी भेटला नव्हता.

म्हणून तर भिडेवाड्याचं जास्त लागलं. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती ही जागा, दगडूशेठच्या अगदी समोर. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, तिथे स्मारक करायचं म्हणून. बघायला काही उरलं नाही म्हणून मोजून तीन मिनिटं! अहो, बघायला नाही तिथेच तर सांगावं लागतं ना. आम्ही अठ्ठावीस जण, गाइडकडे माइक नाही, शिवाजी रोडवर हॉर्न, मागच्या दहा जणांना काहीच ऐकू आलं नाही आणि माझी भाची त्या मागच्यांत होती. तिला मी घरी येऊन परत सगळं सांगितलं.

विश्रामबागवाडा पटकन उरकला, चालेल, दर्शनी भागाचं लाकडी काम तेवढं नीट बघा.

शेवटी केसरीवाड्यापाशी १८९७ चा प्लेग. प्लेगचा अधिकारी रँडसाहेब, घरोघरी रोगी शोधणारे गोरे सोजीर, २२ जूनला गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी घातलेल्या गोळ्या, टिळकांना राजद्रोहाखाली झालेली अठरा महिन्यांची शिक्षा, गाइड एकदम रंगात आला होता. तेवढ्यात बाबा बोलायला लागले. त्यांची आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, सदाशिव पेठेत. ती सांगायची की सोजीर बूट घालून देवघरापर्यंत आले, पेटीतल्या गोधड्या अंगणात फेकल्या, आणि तिच्या आईने तापाने फणफणलेल्या धाकट्याला धान्याच्या कणगीमागे लपवलं होतं. सगळे स्तब्ध. गाइडने वही काढून लिहून घेतलं, बाबांना विचारून. मग मी म्हटलं, अरे त्याच प्लेगात मार्च महिन्यात सावित्रीबाई गेल्या, आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणताना त्यांना लागण झाली, ते पण इथेच सांग ना. तो म्हणाला, ताई, खरंच राहतंय ते.

आयोजकांनाही मी हे सगळं मेसेज करून कळवलंय: भुतं काढा, भिडेवाड्याला निदान पंधरा मिनिटं द्या, गाइडला छोटा स्पीकर द्या. उत्तर आलं की बघतो. पाच पैकी चार स्टार देतेय.

जाणाऱ्यांसाठी: वाटेत बाथरूमची नीट सोय नाही, तीन-साडेतीन तास आहेत, त्यामुळे वयस्कर मंडळींना आधी सांगून ठेवा. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी मी घडीचं स्टूल नेलं होतं, फार उपयोग झाला. बुकिंग करताना किती जण आहेत ते विचारा, वीसच्या वर असतील तर सरळ पुढचा रविवार घ्या.