कार्ड ब्लॉक क्रेडिटचं, पैसे गेले बचत खात्यातले

ज्या क्रेडिट कार्डावरून हे सगळं सुरू झालं, त्या कार्डातून चोराने एक रुपयाही काढला नाही. काढणार कसा? बँकेने ते आधीच ब्लॉक केलं होतं. गेले ते बचत खात्यातले पैसे. कार्डाची थकबाकी होती तशीच राहिली आणि तिच्यावर व्याज चढत गेलं ते वेगळंच. ‘कार्ड बंदच आहे, त्याचा नंबर कुणाला कळला तरी काय होणार’ असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. चोराला ते कार्ड नकोच असतं, त्याला फक्त बोलायला विषय हवा असतो.

माझं बिल थकलं त्याचं कारण साधं. नोकरी बदलल्यावर पगाराचं खातं बदललं, पण बिलाचं ऑटो-डेबिट जुन्याच खात्यावर राहिलं. तिथे पुरेशी शिल्लक नव्हती. बँकेचे मेसेज आले असतील, पण कर्जं आणि सवलतींच्या जाहिराती त्याच नावाने येतात, त्यात ते हरवले. ऐन पैसे भरायच्या वेळी कार्ड चालेना तेव्हा उलगडा झाला. कस्टमर केअरला फोन केला, तर ‘एक दाबा, दोन दाबा’ संपेना आणि माणूस काही लाईनवर येईना. मग बँकेच्या सोशल मीडियावरच्या पानावर तक्रार टाकली की कार्ड का बंद केलंत आणि फोन का उचलत नाही. थोड्याच वेळात बँकेचंच चिन्ह लावलेल्या एका खात्यावरून उत्तर आलं: ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, आपला मोबाईल नंबर मेसेजमध्ये पाठवा.’

हे खातं बँकेचं नव्हतं. ही मंडळी बँकांच्या पानांवर अशा तक्रारींची वाटच बघत बसलेली असतात. ‘चोराला तुझं बिल थकल्याचं कळलं कसं, बँकेतूनच कुणीतरी फोडलं असणार’ असं नंतर बरेच जण म्हणाले. इथे फोडायची गरजच नव्हती. तक्रार जाहीर होती, तिच्याखाली नाव होतं, नंबर मागून घेतला होता.

फोन आला रात्री नऊच्या सुमारास. भाषा स्वच्छ मराठी. फसवणारा मोडक्यातोडक्या हिंदीत बोलतो, हा समज आता सोडून द्या. सुरुवातीला ‘मॅडम’, दोन मिनिटांत ‘ताई’. आवाजात अजिबात घाई नाही. “ताई, टेन्शन घेऊ नका. तुमचं पेमेंट राहिलंय म्हणून सिस्टिमने कार्ड होल्डवर टाकलंय. आज रात्री बारा वाजता फाइल सिबिलला जाते. त्याआधी रिअ‍ॅक्टिव्हेशन टाकलं तर लेट फीसुद्धा माफ करून देतो.”

या चार वाक्यांत दुसरं खरं होतं, म्हणून पुढची दोन खपली. ती खोटी कशी, ते मला नंतर नियम वाचल्यावर कळलं. देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय बँक खातं थकीत म्हणून कळवू शकत नाही आणि लेट फीही लावू शकत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डांविषयीच्या निर्देशांमध्ये आहे. त्यापुढेही सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थांकडे, माहिती जाते ती ठरावीक अंतराने, सगळ्यांची एकत्र. रात्री बारा वाजता एकट्या तुमची फाइल घेऊन कुणी निघत नाही. आणि वेळेचंच बघायचं तर थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला बँकेच्या माणसांना आणि एजंटांना मनाई आहे. त्याने रात्रीची वेळ निवडली, कारण तेव्हा शाखेत जाऊन विचारण्याची सोय नसते.

पुढे त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली. बँकेचं नाव, बँकेचा रंग, शेवटी ‘एपीके’, म्हणजे प्ले स्टोअरशिवाय थेट अ‍ॅप बसवायची फाइल. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, “आता फोन एक वॉर्निंग दाखवेल, अनोळखी सोर्स म्हणून. ते येणारच, नवीन व्हर्जन आहे, प्ले स्टोअरवर अजून चढलेलं नाही.” आणि खरोखरच तसाच इशारा आला. या माणसाच्या कसबाची मला खरी धास्ती वाटते ती इथे. जो इशारा मला थांबवण्यासाठी होता, तो त्याने आधीच सांगून टाकला आणि स्वतःच्या खरेपणाचा पुरावा करून टाकला. पाठोपाठ अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. “ओटीपी आपोआप भरला जातो, तुम्हाला कुणाला सांगायलाच नको. सेफ्टीसाठीच आहे.” ओटीपी कुणालाही सांगू नका, हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो. त्याने तो मागितलाच नाही.

अ‍ॅपमध्ये आधी क्रेडिट कार्डाचे शेवटचे चार आकडे भरायचे होते. नंतर ‘थकबाकी भरण्याचा मार्ग’ म्हणून डेबिट कार्डाची सगळी माहिती, मागच्या तीन आकड्यांसकट. दहा रुपये ‘पडताळणी शुल्क’. सगळा डाव होता तो याच पानासाठी, आणि ते पानही किती रीतसर वाटावं! थकबाकी भरायची म्हणजे कुठल्यातरी खात्यातून पैसे जाणारच ना. “फोन चालू ठेवा ताई, नाहीतर प्रोसेस तुटेल,” असं म्हणत तो बोलत राहिला. त्या वेळात ओटीपीचे मेसेज माझ्या फोनवर येत होते आणि मला न दिसता त्याच्याकडे वळत होते.

पैसे गेल्याचाही एसएमएस मला दिसला नाही. दिसला तो बँकेचा ई-मेल. त्या चोरट्या अ‍ॅपचा हात ई-मेलपर्यंत पोचला नव्हता. दोन व्यवहार होते, एक कुठल्याशा वॉलेटमध्ये, दुसरा ऑनलाइन खरेदीचा. तुमच्या बँकेत ई-मेलने सूचना घ्यायची सोय असेल आणि ती बंद ठेवली असेल, तर आजच चालू करून घ्या.

फोनचं इंटरनेट बंद केलं, घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लावला. तिथली बाई शांत होती आणि कामाचंच विचारत होती: खातं कुठल्या बँकेत, व्यवहाराचा क्रमांक काय, रक्कम किती, वेळ कोणती. हे सगळं ई-मेलमध्ये होतं म्हणून बरं झालं. तक्रारीचा क्रमांक मिळतो, मग केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर उरलेली माहिती भरायची. वॉलेटमध्ये गेलेल्या रकमेतला काही भाग तिथेच गोठवला गेला. दुसरी रक्कम मात्र तोवर निघून गेली होती. गोठवलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागेल असं पोलीस ठाण्यात सांगितलं.

बँकेला लेखी कळवलं. उत्तर आलं, ‘व्यवहार ओटीपीने प्रमाणित झालेला असल्याने बँक जबाबदार नाही.’ हे उत्तर छापूनच ठेवलेलं असावं. मी मेसेज वाचणाऱ्या अ‍ॅपबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यातल्या एका शब्दालाही उत्तर नव्हतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घातलेले नियम अशा वेळी वाचावेत. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर असणं फार महत्त्वाचं, नुसतं फोनवर बोलून भागत नाही, तक्रार क्रमांक मागून घ्यावाच लागतो. बँकेचं उत्तर पटलं नाही किंवा ३० दिवसांत आलंच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं, फी लागत नाही. माझी तक्रार तिथे चालू आहे.

आता मूळ कार्डाचं. ते सुटायला काय लागलं? काहीच नाही. बँकेच्या खऱ्या अ‍ॅपमधून थकबाकी भरली, पैसे जमा झाल्याची नोंद झाल्यावर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन केला आणि कार्ड सुरू झालं. कुठलं शुल्क नाही, कुठली लिंक नाही. लेट फी माफ करा असं विचारलं, तर पहिलीच वेळ म्हणून तीही माफ झाली. व्याज मात्र सुटलं नाही. पूर्ण बिल वेळेत भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज धरतात. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलात दिलेली किमान रक्कम, भरला तर लेट फी टळते, पण हे व्याज टळत नाही. त्यामुळे कार्ड चालू झालं तरी पुढच्या बिलात व्याजाची ओळ दिसेल, तेव्हा दचकू नका.

फोन पूर्ण पुसून घेतला, पासवर्ड बदलले, डेबिट कार्ड नवीन घेतलं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आणखी एक फोन आला. हा ‘सायबर सेल’चा होता. माझी रक्कम ‘रिलीज’ झाली आहे, प्रोसेसिंगचे थोडे पैसे भरले की खात्यात येईल, म्हणे. गेलेली रक्कम त्याने रुपयांसकट बरोबर सांगितली. एकदा फसलेल्यांच्या याद्या ही मंडळी एकमेकांना विकतात असं ऐकलं होतं, ते खरंच असावं. मी माझा तक्रार क्रमांक विचारला, तेव्हा त्याने फोन ठेवला. तो नंबर मी ‘चक्षू’वर, म्हणजे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर, नोंदवला आहे.